आबांच्या डब्यातली सपाट कडेची तिकिटं आणि त्यावरचे शिक्के: काय ठेवायचं, काय सोडून द्यायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. वाशिमकडच्या तुमच्या गावी घर उकलताना आबांचा टिनाचा डबा निघाला, आबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, डब्यात जुन्या तिकिटांचा ढीग न काही अख्खे लिफाफे. अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांना एका बाजूनं दातेच नाहीत, कड एकदम सपाट. भारताचीही काही तशीच, त्यात एक निळं राणीचं तिकीट चारही बाजूनं सपाट. काही तिकिटांवर काळा शिक्का इतका जाड की राजाचं तोंड दिसत नाही. आणि गावातल्या एकानं सांगून टाकलं की सपाट कड म्हणजे डॅमेज माल, जाड शिक्का म्हणजे कचरा. तर तुम्ही विचारून राहिले की फेकायचं का, धुऊन अल्बमात लावायचं का, आणि विकलं तर काय येईल.

फेकू नका. आणि हे पूर्ण वाचेपर्यंत पाण्यात तर काहीच टाकू नका, कारण लोकं तिथंच माती करतात, लिफाफ्यावरचं तिकीट भिजवून काढतात न लिफाफा चुलीत घालतात.

सपाट कड बरी की वाईट असं काही नसते. ती कड सपाट झाली कशी, एवढंच पाहायचं. तिकीट जन्मलंच बिनदात्याचं, का छापखान्यानं कापलं, का पोस्टकार्डातून कोणी कापून काढलं, का घरात कोणी कात्री चालवली, ह्या सगळ्यांची कड दिसते सारखीच पण भाव जमीन-अस्मानाचा.

तुमच्या डब्यात जास्त माल अमेरिकेचा आहे म्हणून तिथूनच सुरू करतो. वऱ्हाडात खेड्यात अमेरिकेची तिकिटं आली कुठून असं लोकांना नवल वाटते, पण त्यात नवल नाही. अकोला-खामगाव-अमरावतीकडं अलायन्स मिशन, बुलडाणा-वाशिमकडं नाझरीन मिशन, दोन्ही अमेरिकन. त्यांच्या मडमा न डॉक्टर लोकांना घरून टपाल यायचं, पार्सलं यायची, आणि तिकिटं कंपाउंडरच्या, शाळामास्तरच्या पोराला मिळायची. ह्या पट्ट्यात जुन्या ख्रिस्ती वस्तीत किंवा दवाखान्याच्या नोकरीतल्या घरात असे डबे निघतातच.

आता अमेरिकेत त्या काळी, म्हणजे १९०८ पासूनची ती वॉशिंग्टन न फ्रँकलिन ह्यांच्या चेहऱ्यांची मालिका आणि १९२२ पासूनची पुढची, सपाट प्लेटवर छापायचे तेव्हा एका मोठ्या कागदावर ४०० तिकिटं यायची. दाते पाडून झाले की तो कागद मधून उभा न आडवा कापून १००-१०० चे चार तुकडे करायचे आणि पोस्टात पाठवायचे. जिथून कापायचं त्या रेघेवर दाते पाडतच नव्हते. म्हणजे प्रत्येक शंभराच्या तुकड्याला दोन बाजूंनी सपाट कड आली. हिशेब लावा, एका बाजूची १०, दुसऱ्या बाजूची १०, कोपऱ्यातलं एक दोन्हीकडं मोजलं गेलं ते वजा, शंभरातली १९ तिकिटं अशी निघायची आणि त्यातलं कोपऱ्यातलं एक दोन बाजूंनी सपाट. हे डॅमेज नाही, छापखान्यातूनच तसं निघालं. पण तिकडचे जमा करणारे लोक चारी बाजूंनी दाते असलेलं मागायचे, म्हणून सपाट कडेच्या तिकिटाला भाव कमी, अजूनही कमीच आहे. आणि भाव कमी म्हणूनच तिकडच्या काही हुशार लोकांनी ह्या सपाट कडेवर नंतर मशीननं दाते पाडून चांगलं म्हणून विकले. त्यामुळं माझं तर म्हणणं आहे की अस्सल सपाट कडेचं तिकीट हे निदान खोटं तरी बोलत नाही.

दुसरा प्रकार गुंडाळीचा, कॉइल म्हणतात. मशीनमधून एकेक तिकीट निघावं म्हणून पट्टी करून गुंडाळलेली असायची, त्यात समोरासमोरच्या दोन बाजू सपाट आणि बाकी दोन बाजूंना दाते. अमेरिकेच्या पोस्टानं हे १९०८ पासून केलं. ह्यात काही काही चांगल्या किमतीची आहेत म्हणून नकली पण भरपूर, साध्या तिकिटाचे दोन बाजूचे दाते कात्रीनं उडवले की झालं कॉइल. ओळखायला सोपं आहे, स्केल घ्या. दाते कापले तर तिकीट तेवढं अरुंद होणारच. अस्सल कॉइल त्याच चित्राच्या साध्या तिकिटाएवढं रुंद किंवा थोडं जास्तच भरते, आणि दोन्ही सपाट कडा एकमेकीला बरोबर समांतर असतात, एका टोकाला जास्त न दुसऱ्या टोकाला कमी असं नसते. आणि जोडी असली तर विश्वास जास्त, सुट्ट्या एकट्या तिकिटावर शंका घ्यायचीच.

तिसरा प्रकार पुस्तिकेचा, म्हणजे बुकलेट. सहा-सहा तिकिटांचं पान, दोन रांगा उभ्या, वर एक कोरी पट्टी शिवायला. त्यात डाव्या रांगेची डावी कड सपाट, उजव्या रांगेची उजवी, आणि खालच्या दोघांची खालची कडसुद्धा. म्हणजे पुस्तिकेतल्या प्रत्येक तिकिटाला एक तरी सपाट कड असणारच. ही बहुतेक १ आणि २ सेंटची, हिरवी न लाल. ५ सेंटचं निळं तुम्हाला सापडलं असंल तर ते पुस्तिकेचं नाही, ते शंभराच्या तुकड्यातलं समजा. आणि ५ सेंटचं निळं तुमच्याकडं जास्त असणार हे मी न पाहता सांगतो, कारण अमेरिकेतून परदेशी साध्या पत्राला दर ५ सेंटच होता, थेट १९५३ पर्यंत. १ न २ सेंटची बहुधा छापील बुकं-मासिकांच्या वेष्टणावरून आली असतील.

दाते मोजायचं माप असते, परफोरेशन गेज, ऑनलाइन स्वस्तात मिळून जाते. २ सेंटीमीटरमध्ये किती दाते बसतात तो आकडा. १९२२ च्या मालिकेत सपाट प्लेटचं तिकीट ११ भरते, नंतर फिरत्या सिलिंडरवर छापलेली गुंडाळीवाली १० भरतात. एवढ्यावरच अर्धा ढीग वेगळा होऊन जातो.

आणि नंतर पाडलेले दाते कसे ओळखायचे हे शिकून घ्या, कारण पुढंमागं तुम्ही विकत घ्यायला लागाल. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा आणि दात्याच्या टोकाकडं पाहा. तिकीट शेजारच्या तिकिटापासून हातानं फाडून वेगळं केलेलं असते म्हणून टोकाला कागदाचे बारीक तंतू बाहेर आलेले दिसतात, पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस ओढला की मागं राहतात तसे. ज्या बाजूला दाते नंतर पाडले तिथं टोकं चपटी, कापल्यासारखी, तंतू नाहीत, कारण ती मूळची कापलेली कडच आहे न. वर भोकांची ओळ समोरच्या बाजूच्या भोकांशी जुळत नाही, एखादं भोक मोठं एखादं लहान. एकदा डोळा बसला की भिंगाशिवाय पण खटकते.

आता भारताची.

तुमच्या त्या निळ्या राणीबद्दल मी फोटो पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही, पण हे तपासा. आपल्या देशाची पहिली अखिल भारतीय तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ ला लागू झाली, अर्ध्या आण्याचं निळं, एक आण्याचं लाल, दोन आण्याचं हिरवं, आणि चार आण्याचं निळं-लाल दोन रंगात. ही चारही बिनदात्याची. अर्धा, एक न चार आण्याची कलकत्त्यात सर्वे ऑफिसात दगडावरून छापलेली. पोस्टमास्तर कात्रीनं कापून द्यायचा आणि तिकिटातलं अंतर कमी, म्हणून कात्री चित्रातच घुसायची. चारही बाजूंना थोडा थोडा पांढरा कागद शिल्लक असला तर ती किंमत, एका बाजूनं चित्र कापलं गेलं तर भाव एकदम पडते. चार आण्याची चौकट अष्टकोनी, म्हणून त्या काळी लोकांनी हौसेनं आठ कोपऱ्यात कापून लावलं, दिसायला सुंदर पण बाजारात त्याला चौकोनी तिकिटाच्या पासंगाला पण धरत नाहीत. कागदात कंपनी सरकारच्या चिन्हाचा पाणछाप, म्हणजे उजेडासमोर धरलं की दिसणारी खूण, होता, पण तो अख्ख्या मोठ्या कागदावर एकच, त्यामुळं एका तिकिटात त्याची एखादी रेघच येते किंवा काहीच येत नाही. नाही दिसला म्हणून नकली समजू नका.

इकडचा इतिहास जोडून पाहा म्हणजे ह्या तिकिटाचं महत्त्व समजते. वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ ला डलहौसीनं खालसा केलं, आणि त्याच वर्षी ही तिकिटं. म्हणजे आपल्या भागात इंग्रजांचं टपाल नुकतं बसून राहिलं होतं, आगगाडी नागपूरला पोचली १८६७ ला. त्या मधल्या काळातलं, वऱ्हाडातल्या एखाद्या पोस्टाचा शिक्का असलेलं १८५४ चं तिकीट निघालं तर तिकीट बाजूला राहू द्या, शिक्क्यालाच लोक हात जोडतील.

पण जास्त शक्यता कोणती ते पण सांगतो, नाहीतर तुम्ही रात्रभर झोपणार नाही. खेड्यातल्या डब्यात चौकोनी सपाट कडेचं भारतीय तिकीट निघालं तर दहातल्या आठ वेळा ते पोस्टकार्डातून नाहीतर छापील लिफाफ्यातून कापलेलं असते. आपल्याकडं पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ ला आलं, त्यावर तपकिरी रंगात राणी छापलेलीच. अर्ध्या आण्याच्या लिफाफ्यावर उठावदार ठशाची राणी. पोरं ती कापून वहीत चिकटवायची. ओळखायचं कसं, कागद जाड, उलट्या बाजूला गोंद कधीच नव्हता, आणि बहुतेक वेळा मागं अर्धवट अक्षरं दिसतात, मोडीची नाहीतर मारवाडी पेढीच्या लिपीची. उठावदार असलं तर बोट फिरवा, समजते. ह्याला भाव नाही, पण मोडीतलं अख्खं कार्ड शिल्लक असंल तर ते कापू नका हो, हात जोडून सांगतो.

राजा पंचम जॉर्ज न सहावा जॉर्ज ह्यांच्या काळच्या आपल्या तिकिटाला एका बाजूनं सपाट कड दिसली तर माझा पहिला संशय कात्रीवर. टेबलावर बसून कारकून कापायचा, दाते कोण मोजत होतं. रुंदी मोजा, कमी भरली की ते संपलं. अपवाद असतात, दाते पाडायची मशीन चुकल्यानं दोन तिकिटांच्या मधे दातेच नाहीत असं, पण ते जोडीतच सिद्ध होते, एकट्या तिकिटावर कोणी मानत नाही.

संस्थानांची वेगळी गोष्ट. आपल्या गोंदियाच्या पलीकडं नांदगाव संस्थान, आताचं राजनांदगाव, त्यांनी १८९१ ला स्वतःची तिकिटं काढली ती बिनदात्याचीच. भोपाळची पण बरीच बिनदात्याची आणि मधे उर्दू अक्षरांचा कोरा उठाव. अशी काही निघाली तर वेगळ्या पाकिटात ठेवा. अन् अजमान वगैरे अरबी संस्थानांची, हंगेरीची मोठी चकचकीत बिनदात्याची तिकिटं असतात, फुलपाखरं, खेळाडू, अंतराळ, ती मुद्दाम जमा करणाऱ्यांसाठीच छापली होती. जत्रेत पाकिटात मिळायची. कोपऱ्यात नाजूक चतकोर शिक्का छापलेला, मागं गोंद तसाच, म्हणजे पत्राला कधी लागलंच नाही. पोरांना देऊन टाका, खूश होतील.

आता शिक्के, माझ्या आवडीचा भाग. माझं स्पष्ट मत आहे की विदर्भातल्या माणसानं महागडी तिकिटं घेत बसू नये, मुंबई-कलकत्त्याच्या पैसेवाल्यासमोर आपण टिकत नाही. आपण आपल्या गावांचे शिक्के जमा करावे. पाव आणा, अर्धा आणा, अगदी चिल्लर तिकीट, पण त्यावर मंगरूळपीर, दारव्हा, आर्वी, उमरेड असं गाव स्पष्ट उमटलेलं असंल तर ते दुसरं कुठून आणणार.

शिक्का मारायचा मूळ हेतू एवढाच की तिकीट धुऊन पुन्हा वापरू नये. इंग्लंडात १८४० ला पहिलं काळं पेनी तिकीट आलं, त्यावर लाल शिक्का मारायचे, तो धुऊन निघायचा, म्हणून १८४१ ला तिकीटच लाल केलं न शिक्का काळा. म्हणून जुन्या शिक्क्यात गाव-तारीख कमी आणि काळं फासणं जास्त. आपल्याकडं पण सुरुवातीला ठिपक्यांचा नाहीतर पट्ट्यांचा चौकट आकार, मधे आकडा. आकडा म्हणजे पोस्टाचा नंबर, कोणता नंबर कोणतं गाव ह्याच्या याद्या जाणकारांकडं असतात. म्हणून तो तोंड झाकणारा जाड शिक्का कचरा नाही, मधे आकडा वाचता येते का पाहा. एकच उदाहरण, 'बी १७२' असा आकडा असला तर ते भारताचं तिकीट सिंगापूरला वापरलेलं आहे, कारण १८६७ पर्यंत तिकडं आपलीच तिकिटं चालायची. साधं तिकीट पण शिक्क्यानं उचललं.

अर्धवट शिक्का वाचायची पण एक रीत आहे. समजा तुमच्या तिकिटावर फक्त तीन इंग्रजी अक्षरं आली, बी-ए-एस. वाशिमचं जुनं इंग्रजी नाव बासिम, म्हणून तुम्ही उड्या माराल की आपल्या गावचा शिक्का. पण बी-ए-एस नं बसेन पण सुरू होते, ते एक आपलं वसई आणि दुसरं ब्रह्मदेशात, आणि ब्रह्मदेशात १९३७ पर्यंत भारताचीच तिकिटं होती. बस्ती आहे, बंगालातलं बशीरहाट आहे, पार इराकातलं बसरा आहे जिथं भारतीय टपाल चाललं. मग काय करायचं? शिक्क्याच्या गोलाचा मध्य काढा, पातळ कागदावर तो गोल पूर्ण काढून पाहा, आणि तीन अक्षरांनी गोलाचा किती भाग व्यापला त्यावरून नाव किती अक्षरांचं ते अंदाजे समजते. बासिम पाच इंग्रजी अक्षरांचं, बसेन सात, बशीरहाट आठ. बासिमच्या नावानं वरची कमान पूर्ण भरायची नाही, अक्षरं ऐसपैस बसतात. खाली तारीख कशी लिहिली, गोलाच्या तळाशी एखादं अक्षर डोकावते का, शेजारी दुसरा काळा ठसा जोडलेला आहे का, हे सगळं पाहून मग बोला. आणि तिकीट लिफाफ्यावरच असंल तर हा सगळा उपद्व्याप करायची गरज बहुधा पडतच नाही, शिक्क्याचा उरलेला भाग लिफाफ्याच्या कागदावर उतरलेला असते. म्हणून म्हणतो लिफाफ्यावरून काढू नका.

गावांची नावं बदलली त्यावरून काळ ठरवता येते. चांदा लिहिलं असंल तर चंद्रपूर व्हायच्या आधीचं, म्हणजे साधारण १९६४ पूर्वीचं. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. यवतमाळ न अमरावतीची जुनी इंग्रजी स्पेलिंगं पाहून तर हसू येते, अमरावतीचं जुन्या कागदात ऊमरावट्टी असं सापडते, कापसाच्या बाजारात ह्या भागाच्या रुईलाच ऊमरा म्हणायचे. शिक्क्यात सहा आकडी पिन आहे तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, आणि आपल्या विदर्भाचे पिन ४४ नं सुरू होतात हे तर तुम्हाला माहीतच आहे. आणि वर्ध्याकडचा एखादा लिफाफा मिळाला ज्यावर पत्ता 'सेगाव, मार्गे वर्धा' असा आहे, तर तो जपा. गांधीजी १९३६ ला तिथं राहायला गेले, पण त्यांचं टपाल बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायचं, गजानन महाराजांच्या, नावात एवढं साम्य. शेवटी १९४० ला गावाचं नावच सेवाग्राम केलं. पोस्टाच्या गोंधळानं गावाचं नाव बदललं असं दुसरं उदाहरण आपल्या भागात मला तरी आठवत नाही.

हिंगोली तुम्हाला जवळ आहे म्हणून हे पण पाहा. हिंगोली निजामात, वाशिम इंग्रजांकडं, मधे हद्द. निजामाचं तिकीट त्याच्या राज्यातच चालायचं, हद्दीबाहेर इंग्रजी तिकीट लावावं लागायचं. तिकडच्या सोयऱ्यांची पत्रं डब्यात असतील तर मागचेपुढचे सगळे शिक्के पाहा, एखादं निजामी तिकीट लावलेलं इकडं पोचून नॉटपेड झालं असंल तर मजा आहे. नॉटपेड, म्हणजे घेणाऱ्याकडून दंड वसूल, त्याचे वेगळे शिक्के असतात, त्यावर पेनानं किती पैसे घेतले ते लिहिलेलं असते. लोक ते खराब पाकीट म्हणून फेकतात.

असंच लोक आणखी काय काय फेकतात? पेनानं सही करून रद्द केलेलं तिकीट. ते दोन प्रकारचं, एक पैसे मिळाल्याच्या पावतीवर लावलेलं, कारण १९०६ पासून अर्धा न एक आण्याची तिकिटं टपाल आणि महसूल दोन्हीला चालायची, त्याला टपालाच्या हिशेबानं भाव नाही. दुसरं म्हणजे खेड्यातल्या पोस्टात शिक्का नव्हता म्हणून पेनानं तारीख टाकलेली, ते लिफाफ्यावर असलं तरच सिद्ध होते. मग बारीक भोकांनी अक्षरं पाडलेली तिकिटं, ती फाटलेली नाहीत, बँका न मोठ्या पेढ्या नोकरानं तिकीट चोरून विकू नये म्हणून नावाची अक्षरं पाडून घ्यायच्या. 'ऑन एच. एम. एस.' नाहीतर 'सर्व्हिस' असं काळ्यात छापलेलं असते तो शिक्का नाही, सरकारी टपालाचं तिकीट आहे, तहसील-पोलीसपाटलाच्या कागदात ढिगानं असते, भाव कमी पण त्यावर गावचा शिक्का असू शकते. 'एक्सपेरिमेंटल पी. ओ.' असा शिक्का दिसला तर मात्र मला आधी सांगा, खेड्यात पोस्ट चालते का हे पाहायला तात्पुरतं उघडायचे, चाललं नाही तर बंद, त्यामुळं असे शिक्के कमी. आर. एम. एस. म्हणजे रेल्वेच्या टपाल डब्यातला, आता नागपूरचं एफ डिव्हिजन न भुसावळचं एल डिव्हिजन, पण जुन्या शिक्क्यातल्या अक्षरावरून लगेच गाव ठरवू नका. आणि एफ. पी. ओ. न नंबर म्हणजे फौजेचं टपाल, गावातलं कोणी लढाईवर गेलं असंल.

अमेरिकेच्या ढिगात पण शिक्के पाहा, नुसती कड पाहू नका. दोन रेघांच्या मधे शहराचं न राज्याचं नाव छापलेलं असते, तो प्रीकॅन्सल, म्हणजे लावायच्या आधीच रद्द केलेलं, ठोक टपाल पाठवणाऱ्यांसाठी. ह्याच्या मागं लागलेले लोक तिकडं खूप आहेत, गाव जितकं लहान तितकं बरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मशीनचा शिक्का, त्यात लाटांऐवजी फडकता झेंडा असते, तो पण पाहण्यासारखा. अन् त्याही आधी तिकडचे पोस्टातले लोक बुचाच्या लाकडावर चाकूनं नक्षी कोरून शिक्का करायचे, तारे, कवट्या, पानं. वॉटरबरी नावाच्या गावात जॉन हिल नावाच्या कारकुनानं १८६९ ला पळणारी कोंबडी कोरली, ते लिफाफे आज लिलावात लाखांनी जातात. तुमच्या डब्यात कोंबडी निघणार नाही, आशा ठेवू नका, पण शिक्क्याकडं पाहायची नजर तिथून येते.

धुण्याचं सांगतो. अख्खा लिफाफा, कार्ड, पार्सलचा कागद, तसाच ठेवा. लिफाफा आधीच फाटून फक्त तुकडा उरला असंल आणि शिक्का कागदावर पण उतरला असंल तर दोन बोटं कागद सोडून तुकडा ठेवा. जे सुट्टं आहे, मागं फक्त कागदाचा चिकटा आहे, शिक्का साधा आहे, तेवढंच थंड पाण्याच्या ताटात उलटं टाका, १५-२० मिनिटांत सुटते, ओढायचं नाही. लाल न जांभळ्या शाईचा शिक्का किंवा पेनाचं असलं तर पाण्याला हातच लावू नका, वाहून जाते. वाळवायला कोरा टीपकागद किंवा पांढरं सुती कापड, पेपर नको, त्याची शाई लागते, आणि उन्हात तर नकोच, आपल्याकडच्या मेच्या उन्हात तिकीट पापडासारखं वळते.

ठेवायचं कुठं तर कूलर असलेल्या खोलीत ठेवू नका. लोक पावसाळ्याला घाबरतात पण आपल्याकडं उन्हाळ्यातच चार महिने कूलर चालते आणि त्या खोलीत पावसाळ्याएवढीच ओल असते, गोंदवाली तिकिटं पानाला चिकटून बसतात न पिवळे ठिपके धरतात. आतल्या कोरड्या खोलीत, भिंतीपासून दूर, लाकडी कपाटात असंल तर कसर-वाळवी पाहत जा. बटर पेपरची पाकिटं घ्या, स्वस्त प्लास्टिकचे फोटो अल्बम नको, त्यात रंग धरून राहते.

किंमत. खरं सांगू तर ढिगातल्या अमेरिकन सपाट कडेच्या तिकिटांचे एकेकी काही रुपयेच येतील, भारतीय सुट्ट्या जॉर्जच्या तिकिटांचं पण तेच. जे काही आहे ते त्या अख्ख्या लिफाफ्यांत आणि कदाचित त्या निळ्या राणीत. म्हणून कोणी गावात येऊन पूर्ण डब्याचा एक भाव बोलला तर देऊ नका, तो लिफाफे आधीच पाहून बसलेला असते. लिफाफे मात्र गावोगावचे शिक्के जमा करणाऱ्यालाच दाखवा, नागपूरच्या जीपीओतल्या फिलाटेली, म्हणजे तिकिटं जमा करणाऱ्यांच्या, काउंटरवर असे लोक भेटतात, तिथं चौकशी करा.

फोटो पाठवताना एवढं करा. निळ्या राणीचा समोरून, मागून, आणि उजेडासमोर धरून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. लिफाफ्यांची मागची बाजू विसरू नका. आणि तुम्ही जी हिरवी दोन जोडलेली अमेरिकन तिकिटं म्हणाले, खालीवर जोडलेली, दोन्हीची डावी-उजवी कड सपाट, त्यांच्या मधले दाते गेजवर ठेवून मोजा आणि आकडा कळवा. मधून घडी घालून पाहू नका, कागद जुना आहे, तिथंच सुटतील न जोडीची जोडी जाईल.